राखणदाराची पाठ

आमच्याच घराच्या दारात आम्हांला अडवण्यात आले, त्या प्रसंगाची ही हकीकत आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही तिघे चुलत भावंडे पेडणे महालातील हळर्ण या आमच्या मूळ गावी गेलो होतो. आजोबांनी मुंबईस बिऱ्हाड केले त्याला आता ऐंशीहून अधिक वर्षे झाली. तेव्हापासून गावचे घर चतुर्थीपुरते उघडायचे आणि विसर्जन झाले की कुलूप घालून निघायचे, असा शिरस्ता पडला. पुढे तोही मोडला. गेली सात वर्षे तर आमच्यापैकी कोणाचेच पाऊल तिकडे वळले नव्हते. या मंडळाच्या वाचकांपैकी अनेकांच्या घराण्यात असे एखादे कुलूपबंद घर असेल. त्यांना अधिक सांगायला नको. या खेपेस गेलो तेही देवदर्शनासाठी नव्हे. २०२२ च्या डिसेंबरात मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि पेडण्यातल्या जमिनींना दूरदूरचे गिऱ्हाईक येऊ लागले. त्यांतल्याच एकाने आमचे घर आणि मागचे भाट मागितले होते. घर एकदा पाहावे, वारसाहक्काचे कागद करावेत आणि मोकळे व्हावे, एवढाच आमचा बेत होता.

गडग्यातून आत शिरलो आणि तुळशीवृंदावनापाशी पोचतो न पोचतो तोच पडवीवरून एक तांबूस रंगाचा गावठी कुत्रा उठला. तो धावून आला नाही. पायऱ्यांच्या वरच्या टोकाला येऊन दाराकडे पाठ करून उभा राहिला आणि भुंकू लागला. आमच्यातल्या थोरल्या बंधूंनी खिशातून किल्ली काढून त्याला दाखवली! घाबरलेला माणूस कसे पुरावे सादर करतो, हे त्या दिवशी आम्ही पाहिले.

आवाज ऐकून शेजारच्या काकी आल्या. “ओगी राव रे मोत्या, घरचींच मनशां तीं!” त्या ओरडल्या. मोत्याने त्यांच्याकडे एकदा पाहिले आणि आमच्याकडे तोंड करून भुंकणे पुढे चालू ठेवले. काकी हसल्या. आमच्याकडे वळून म्हणाल्या, “तुमी कोण तें ताका कशें कळटलें?”

प्रश्न साधा होता. पण उत्तर आमच्यापाशी नव्हते.

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात पंचावन्नावे सूक्त आहे. घराचा रक्षक जो वास्तोष्पती, त्याचे स्मरण करून ऋषी दारातल्या कुत्र्याची, सरमेच्या पुत्राची, विनवणी करतात. चोरावर भुंक, दरोडेखोरावर भुंक, आम्हा इंद्राची स्तुती करणाऱ्यांना का छळतोस, झोपी जा, असा त्याचा आशय आहे. हजारो वर्षांपूर्वीही दारात उभ्या राहिलेल्या सज्जनांची हीच पंचाईत होत होती, हे वाचून पूर्वी आम्हांला गंमत वाटे. परंतु ऋषींना निदान आपण चोर नाही याची खात्री होती. घर विकण्यासाठी सात वर्षांनी आलेल्या आम्हांला तेवढीही नव्हती.

मोत्या आमचा नाही, तसा काकींचाही नाही. एका पावसाळ्यात भिजलेले पिल्लू रिकामी कोरडी पडवी पाहून आमच्याकडे शिरले आणि राहिले. काकी त्याला पेज आणि नुस्त्याचे काटे घालतात. गावात लस टोचणारी मंडळी येतात, तेव्हा त्यालाही टोचून अंगावर रंगाचा पट्टा ओढून जातात. कुत्र्यांच्या अशा लसीकरणामुळेच २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. म्हणजे सरकारदरबारी मोत्याची गणती वर्षाच्या वर्षाला होते. एक-चौदाच्या उताऱ्यावर मात्र अजून आमच्या आजोबांचेच नाव आहे.

काकींच्या सांगण्यावरून तो पडवीच्या एका टोकाला सरला, तेव्हा त्याचा पुढचा उजवा पाय आखडल्याचे लक्षात आले. आम्ही कारण विचारले. दोन वर्षांपूर्वी श्रावणात, पावसाच्या रात्री, कोणी तरी मागच्या दाराची कडी उचकटली होती. आतली तांब्यापितळेची भांडी आणि माजघराचा कोरीव दरवाजा ही त्यांची नजर असावी. मोत्या भुंकत राहिला. दांडा बसला तरी हटला नाही. काकींच्या घरचे दिवे लागले, माणसे बाहेर आली आणि चोर भाटातून पळाले. पाय मात्र अधू झाला तो झालाच.

ही बातमी त्या वेळी दूरध्वनीवरून आम्हांला कळली होती. “काही गेले नाही ना?” असे आम्ही विचारले होते. काही गेले नाही, असे उत्तर मिळाल्यावर समाधानाने फोन ठेवला होता. कोणामुळे गेले नाही, हे विचारण्याचे आम्हा तिघांपैकी एकालाही सुचले नाही. पडवीत उभे असताना त्या आठवणीने आमच्या माना खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचा मध्यस्थ येणार होता. तो येईपर्यंत वेळ काढावा म्हणून शापोरा नदीच्या काठचा किल्ला पाहायला गेलो. जांभ्या दगडाचा हा किल्ला सावंतवाडीच्या भोसल्यांचा. १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने तो जिंकला आणि त्या पराक्रमाबद्दल पोर्तुगालच्या राजाने त्याला १७४८ मध्ये ‘आलोर्नचा मार्केझ’ हा किताब दिला. आलोर्न म्हणजे हळर्णच. पुढे किल्ला पुन्हा भोसल्यांकडे गेला, १७८८ मध्ये पेडणे महाल पोर्तुगीजांकडे आला तो १९६१ पर्यंत राहिला. किताब मात्र त्या घराण्यात वंशपरंपरा चालू राहिला. त्याची नात लेओनोर द आल्मैद ही पोर्तुगीज साहित्यातली नामवंत कवयित्री. ती आजही आलोर्नची मार्केझा म्हणूनच ओळखली जाते. आपल्या नावातले गाव तिने कधी पाहिलेही नाही.

तटावर बसून आम्ही या गोष्टीवर हसलो, आणि हसता हसता थांबलो. आमच्या आडनावातही हेच गाव आहे. त्या मार्केझांच्या आणि आमच्या नात्यात फरक तो कितीसा? त्यांच्यापाशी राजाची सनद होती, आमच्यापाशी किल्ली आहे, इतकाच.

कुत्रा घराची राखण दातांनी करतो असे आपण समजतो. ती खरे तर आवाजाने होते. प्रौढ लांडगा क्वचितच भुंकतो. माणसाच्या सहवासात आलेल्या त्याच्या या भाईबंदाने मात्र भुंकण्याची भाषाच तयार केली. बुडापेस्टच्या संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना कुत्र्यांचे ध्वनिमुद्रित भुंकणे ऐकवले होते. परका आला म्हणून भुंकणे, एकटे पडले म्हणून भुंकणे, खेळताना भुंकणे यांतला फरक कुत्रा न पाळणाऱ्यांनाही बऱ्याच अंशी ओळखता आला. म्हणजे राखणीला दोन जीव लागतात, एक भुंकणारा आणि एक ऐकणारा. श्रावणातल्या त्या रात्री मोत्या भुंकला, त्याचा उपयोग झाला तो काकी ऐकायला होत्या म्हणून. आमचे घर राखले ते या दोघांनी, आणि दोघांचेही नाव कोणत्याच कागदावर नाही.

मध्यस्थ आला. त्याने घर पावलांनी मोजले, भाट नजरेने मोजले. जाताना पडवीकडे बोट करून म्हणाला, “घर रिकामे करून द्यायचे, हे ठरलेच आहे.” आम्ही तिघांनी एकाच वेळी मोत्याकडे पाहिले. कोणी काही बोलले नाही. विचार करून कळवतो, एवढेच सांगून त्याला निरोप दिला.

आतल्या खोल्यांत कुबट वास होता, म्हणून आम्ही पडवीतच अंथरुणे घालत होतो. पहिल्या दोन रात्री मोत्या अंगणात, आमच्याकडे तोंड करून बसला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी पेज आम्ही घातली. त्या रात्री भाटात काही तरी खसफसले. रानडुक्कर असेल, माणूस असेल. मोत्या उठला, लंगडत पायऱ्यांपर्यंत गेला आणि भुंकू लागला. जागा तीच होती, आवाज तोच होता. या वेळी त्याचे तोंड काळोखाकडे होते आणि पाठ आमच्याकडे. आम्ही उठून दिवा लावला. आपला आवाज ऐकणारे घरात कोणी आहे, हे कळल्यासारखा तो थोड्याच वेळात थांबला.

घराचा निर्णय अजून झालेला नाही. तिघांचीही वये झाली आहेत, दुरुस्तीचा खर्च मोठा आहे आणि मुलांना गावाची ओढ नाही. या अडचणी एका रात्रीने सुटत नाहीत. परंतु दर दोन महिन्यांनी आमच्यापैकी एकाने आठ दिवस जाऊन राहायचे, असे ठरवले आणि आजवर पाळले आहे. मोत्याच्या पायाला औषध चालू आहे. चतुर्थीला आम्ही सर्व मिळून गेलो, तेव्हा तो पायऱ्यांवर येऊन भुंकला खरा, पण दोनदाच. मग बाजूला झाला.