गवारीचा डिंक आणि औषधाची गोळी

१/ गवारीची भाजी ताटात आली की अनेक घरांत नाके मुरडली जातात. मात्र तिच्याच बियांतील डिंकाने महायुद्धाच्या काळात परदेशी कागद उद्योगाची अडचण दूर केली, पुढे औषधाच्या गोळीत स्थान मिळवले आणि एकदा तर माणसांचे गळेही आवळले. त्या डिंकाचा हा इतिहास. 🧵

२/ औषध आणि डिंक यांचे नाते जुने आहे. हाताने वळलेल्या गोळीत चूर्ण बांधून ठेवण्याचे काम बहुधा डिंकच करी. १८४३ मध्ये विल्यम ब्रॉकेडन या इंग्रज चित्रकाराने पूड साच्यात दाबून गोळी घडवण्याचे पेटंट घेतले. यंत्रे आली, तरी बांधणाऱ्या पदार्थाची गरज संपली नाही.

३/ कागद उद्योगात भूमध्य समुद्राकाठच्या कॅरोब वृक्षाच्या बियांचा डिंक वापरला जाई. दुसऱ्या महायुद्धात तो दुर्मिळ झाला. तेव्हा अमेरिकेतील संशोधकांची दृष्टी १९०३ च्या सुमारास भारतातून तिकडे गेलेल्या गवारीकडे वळली.

४/ या डिंकाचा रेणू म्हणजे मॅनोज शर्करेची लांब साखळी. साधारण प्रत्येक दुसऱ्या दुव्याला गॅलॅक्टोजची एक फांदी. थंड पाण्यातही तो फुगतो आणि दाट होतो. गोळीभोवती असा थर जमला की औषध एकदम न सुटता हळूहळू पाझरते.

५/ पण हाच गुण घातकही ठरला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत वजन घटवण्यासाठी गवार डिंकाच्या गोळ्या विकल्या जात. त्या पोटात फुगून भूक मारतील, असा समज होता. काहींच्या त्या अन्ननलिकेतच फुगल्या आणि घास अडावा तशा अडकल्या. रुग्णांना इस्पितळात न्यावे लागले. १९९० मध्ये तेथील औषध प्रशासनाने त्यांविरुद्ध कारवाई केली.

६/ दोष डिंकाचा नव्हता. त्याचे फुगणे कोणाच्या ताब्यात नव्हते. शिवाय नैसर्गिक डिंक प्रत्येक खेपेला सारखा नसतो आणि त्यात जंतूही वाढतात. त्याला वळण लावण्याचे काम रसायनशास्त्राने केले.

७/ कॉस्टिक सोडा आणि मोनोक्लोरोॲसेटिक आम्ल यांच्या साह्याने साखळीवरील काही हायड्रॉक्सिल गटांच्या जागी कार्बॉक्सिमिथिल गट बसवतात. डिंक अधिक सहज विरघळतो. कॅल्शियमच्या सान्निध्यात त्याचे मणीही बनवता येतात. प्रॉपिलीन ऑक्साइड वापरले, तर हायड्रॉक्सिप्रॉपिल गवार मिळते.

८/ फुगणे आवरायचे असेल, तर फॉस्फेटसारख्या दुव्यांनी साखळ्या एकमेकींना बांधतात. माणसाची पाचकद्रव्ये गवार डिंक पचवू शकत नाहीत. मोठ्या आतड्यातील जिवाणू मात्र तो फोडतात. म्हणून औषध थेट तेथे पोहोचवणाऱ्या गोळ्यांसाठी संशोधकांनी असा बांधलेला डिंक अभ्यासला.

९/ जगातील बहुतांश गवार आजही भारतात पिकते, त्यातही सर्वाधिक राजस्थानच्या कोरडवाहू रानांत. पावसाच्या भरवशावर वाढलेले ते बी गिरणीतून प्रयोगशाळेत जाते. गळ्यात अडकणारी गोळी आणि नेमक्या जागी विरघळणारी गोळी यांतील अंतर तेथे काही मोजक्या रासायनिक बंधांनी ठरते.

#इतिहास #विज्ञान #मराठी