वस्तऱ्याची निवड

मनुष्याचा स्वभाव त्याच्या मित्रांवरून कळतो असें म्हणतात. तो त्याच्या वस्तऱ्यावरूनहि कळावा, असें मला अलीकडे वाटूं लागलें आहे. पन्नाशी उलटल्यावर मीं एक उंची वस्तरा घेण्याचें मनांत आणलें, तेव्हां डोळे प्रथम गेले ते शिंगाच्या मुठीकडे आणि पात्यावरच्या सोनेरी वेलबुट्टीकडे. परंतु दाढी कांहीं मुठीनें होत नाहीं!

जर्मनींतील झोलिंगेन शहर पात्यांसाठीं इतकें नामांकित, कीं त्याच्या नांवाला १९३८ सालीं कायद्याचें संरक्षण मिळालें. तरी नांवापेक्षां घडण पाहावी. दोन्ही अंगांनीं खोल कोरलेलें पातळ पातें निसण्यावर लवकर धार धरतें, पण राठ केसांपुढें लवतें. जाड पातें स्थिर राहतें. रुंदी इंचाच्या अष्टमांशांत मोजतात. नवशिक्याला पांच-सहा अष्टमांश पुरेत. आणि वस्तरा कितीहि महाग असो, पाठ पुढें ठेवून तो कातडी पट्ट्यावर रोज परजावा लागतोच. ओला राहिला तर त्याचें पोलाद गंजतें.

“दहा मिनिटांच्या कामाला एवढा खर्च कशाला, बाबा?” असें चिरंजीव विचारतात. प्रश्न रास्त आहे. नीट जपला तर हा वस्तरा माझ्यामागेंहि उरेल. माझ्या हाताला कंप सुटेल, तेव्हांहि त्याची धार शाबूत असेल. म्हणूनच मीं साध्या मुठीचा, मध्यम कोरीचा वस्तरा निवडला. तो हातीं असतांना घाई करतां येत नाहीं, आणि या वयांत दिवसाचीं दहा मिनिटें तरी घाईवांचून जावींत, एवढीच माझी इच्छा आहे.