न पाहिलेला निकाल

साक्षीदाराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगावे, ऐकीव मजकूर साक्षीत घुसडू नये, हा न्यायासनाचा दंडक ज्याने उपनगरातील एका न्यायालयात शिरस्तेदार म्हणून एकतीस वर्षे रोज ऐकला, त्याने निदान स्वतःच्या बाबतीत तरी तो पाळावयास हवा होता. परंतु दारासिंग आणि लू थेस यांची १९६८ सालच्या मे महिन्यात मुंबईत झालेली कुस्ती मी पाहिली, असे मी आजवर जितक्या लोकांना सांगितले, तितक्या वेळा मी अर्धसत्य बोललो आहे. कुस्तीला मी हजर होतो, तिकीट रीतसर काढलेले होते, आखाडा माझ्या दृष्टीच्या टप्प्यात होता. फक्त निकाल लागला तो क्षण मात्र मला दिसला नाही.

आम्ही तेव्हा मुलुंडला राहत होतो. वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, ते कराडकडच्या एका खेड्यातून आलेले. ऐन तारुण्यात तालमीच्या तांबड्या मातीत अंग घुसळलेले, आणि पुढे पोटासाठी आग्रा रोडवरच्या एका कारखान्यात टाइमकीपर होऊन हजेरीपटाशी जखडले गेलेले. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून आणलेले कांस्यपदक हे जणू आपल्याच घरातल्या फडताळात ठेवले आहे, इतक्या आपलेपणाने ते त्याच्याविषयी बोलत, कारण खाशाबा त्यांच्या तालुक्यातले. आणि श्रीपती खंचनाळे, गणपत आंदळकर, मारुती माने ही नावे आमच्या दीड खोलीत नातलगांच्या नावांइतकीच वारंवार उच्चारली जात. अशा मनुष्याने 'फ्रीस्टाइल'ला जावे हे त्यांच्या तालीमबंधूंना अब्रह्मण्यम् वाटे. मातीवाल्यांच्या लेखी फ्रीस्टाइल म्हणजे निव्वळ नुरा कुस्ती, दोघांनी आधीच वाटून घेतलेली. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर तिचे फड लागत, दारासिंग आणि किंगकाँग यांच्या झुंजींच्या वार्ता शाळेपर्यंत पोहोचत, आणि त्यांपायी मराठी भाषेला एक शब्द कायमचा मिळाला, तो असा की आजही एखाद्या नगरपालिकेच्या सभागृहात खुर्च्या फेकल्या गेल्या की वर्तमानपत्रे 'नगरसेवकांत फ्रीस्टाइल' असाच मथळा देतात. ज्या खेळात सगळे ठरलेले असते असा प्रवाद, त्याचेच नाव काहीच न ठरलेल्या हाणामारीला पडावे, ही भाषेची गंमत मला वाकबगार वकिलांनाही समजावून सांगावी लागली आहे.

किंगकाँग हा मूळचा हंगेरीकडचा एमिल चाया नावाचा इसम. दोनशे किलोंच्या आसपासचा अजस्र देह. १९६२ साली त्याच्याच नावाचा हिंदी चित्रपट निघाला, त्यात नायक अर्थातच दारासिंग. आणि १९७० साली तो मोटार अपघातात जखमी होऊन सिंगापुरात वारला, तेव्हा आमच्या गल्लीतल्या पोरांना दुःख झाले ते एका शत्रूचे.

थेस मात्र निराळा. जगज्जेता म्हणून त्याची ख्याती, अंग बांधेसूद, चर्येवर आक्रस्ताळेपणा नाही; आबांच्या भाषेत 'गडी जातिवंत'. त्या दोन तिकिटांपायी आमच्या घरात त्या महिन्याचा चहा बिनदुधाचा झाला, हे आईने पुढे कितीतरी वर्षे सुनावले. मुलुंडहून दादर, दादरला पूल ओलांडून पश्चिमेची गाडी, आणि मग माणसांच्या लोंढ्याबरोबर पायी, असा आमचा प्रवास झाला. मी चौदा वर्षांचा होतो. दिव्यांचा तो प्रखर झोत, विड्या-सिगारेटींचा धूर, शेंगदाण्याच्या पुड्या, आणि पंजाबी, गुजराती, मराठी अशा सगळ्या भाषांतून एकाच नावाचा होणारा घोष, हे मला आज लख्ख आठवते. डाव मात्र आठवत नाहीत. माझ्या पुढच्या रांगेत एक सद्गृहस्थ बसले होते, ज्यांचा देहविस्तार प्रत्यक्ष किंगकाँगला खजील करील असा होता. आणि नेमका निकालाचा क्षण जवळ आला तेव्हा ते उभे राहिले, त्यांच्याबरोबर अवघे मैदान उभे राहिले, आणि मी त्यांच्या घामाने भिजलेल्या पाठीकडे पाहत राहिलो. मग आरोळी उठली. शेजारी आबा, जे घरात कधी आवाज चढवीत नसत, ते घसा फुटेस्तोवर ओरडत होते.

परतीच्या गाडीत डबा अर्धा रिकामा होता. घाटकोपर गेल्यावर मी धीर करून विचारले, "आबा, ही कुस्ती खरी होती का?"

"ठरीव व्हती," ते शांतपणे म्हणाले.

"मग तुम्ही एवढं ओरडलात का?"

त्यांनी बराच वेळ उत्तर दिले नाही. विक्रोळी आली, गेली. मग म्हणाले, "त्यो थेस हरला कसा, बघितलंस न्हवं? असं हरायला लई जोर लागतो. आमच्या तालमीत वस्ताद पोरांना असंच द्यायचे."

मी म्हणालो, "हो, बघितलं."

त्या रात्रीची ती माझी पहिली खोटी साक्ष. दुसऱ्या दिवसापासून गल्लीत मी जी कैफियत सादर केली, तिच्यात ढाक होती, कलाजंग होते, एक उलटी धोबीपछाडही होती. आणि प्रत्येक आवृत्तीगणिक तिच्यात नवे डाव दाखल होत गेले, ते इतके की दोन वर्षांनी कोणी मला विचारले असते तर मी शपथेवर सांगितले असते. थोडक्यात, त्या मैदानात एक नुरा कुस्ती झाली असेल, तर मुलुंडच्या गल्लीत मी तिच्या शंभर केल्या.

ठरीव कुस्ती जन्मास का आली, याचा उलगडा मला फार पुढे, वाचनातून झाला. अस्सल कुस्ती ही पाहणाऱ्याच्या सोयीसाठी लढली जात नाही. लंडनमध्ये १९१० साली गामा आणि पोलंडचा झ्बिस्को यांची गाठ पडली, तेव्हा झ्बिस्को सुमारे अडीच तास भुईला पालथा चिकटून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सोडवावी लागली. पुढे १९२८ साली पतियाळात तीच जोड पुन्हा लागली, ती मिनिटभराच्या आत निकाली निघाली. एकदा प्रेक्षकाला जांभया, एकदा बसायला जागा सापडण्यापूर्वीच खेळ खलास. अशा अनिश्चित मालावर तिकीट लावून धंदा करणाऱ्याला परवडणार कसे? तेव्हा निकाल आधी ठरवावा आणि कौशल्य सारे वाटचालीत ओतावे, हा मार्ग पश्चिमेकडील कंत्राटदारांनी काढला. कोकणातून आलेल्या आमच्या शेजाऱ्यांना यात काहीच गैर वाटत नसे. संकासुर मरणार हे ठाऊक असूनच ते दशावताराला रात्रभर बसत.

अमेरिकेत या व्यवसायाने सत्य कबूल केले तेही कसे पाहा. १९८९ साली न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे तिथल्या सर्वांत मोठ्या कुस्ती कंपनीने, आमचा खेळ ही निव्वळ करमणूक आहे, स्पर्धा नव्हे, असे निवेदन केले, आणि हेतू सत्यनिष्ठेचा नसून क्रीडामंडळाची देखरेख व त्याची पट्टी टळावी हा होता. एवढी जुनी गुप्तता कराच्या भीतीने फुटली! आमच्या मुंबई इलाख्यात हा खटाटोप करण्याचे कारण नव्हते. १९२३ च्या करमणूक शुल्क अधिनियमाने नाटक, शर्यत, खेळ, जे जे पैसे देऊन पाहायचे ते ते सगळे एकाच दावणीला बांधले होते. खरे-खोटे पाहणे हे त्या कायद्याचे कामच नव्हते.

पैसे देऊन पाहणे या व्यवहाराचे पुढचे रूप माझ्या घरात मुलाने आणले. तोवर मी अंधेरीला, आंबोलीत राहावयास आलो होतो, आबाही आमच्याकडे होते, आणि मुलगा ज्या पत्त्यांनी खेळे त्यांवर पैलवानांची उंची, वजन, छाती, दंड आणि जिंकलेल्या कुस्त्या छापलेल्या असत. अमेरिकेत म्हणे अशा मोठ्या फडाच्या रात्री घरबसल्या पाहणाऱ्यालाही त्या एका खेळापुरते वेगळे शुल्क भरावे लागे, त्यालाच 'पे-पर-व्ह्यू' म्हणत. आमच्याकडे केबलवाल्याला महिन्याचे दिले की संपले, आणि केबलवर न आलेले व्हिडिओ लायब्ररीतून एका दिवसाच्या भाड्याने मिळे. तशीच एक कॅसेट त्याने आणली, 'समरस्लॅम' नावाच्या फडाची: लंडन, वेम्बली, २९ ऑगस्ट १९९२. अखेरची जोड ब्रेट हार्ट आणि त्याचा मेहुणा डेव्ही बॉय स्मिथ यांची. स्मिथ इंग्लंडचा, मैदान इंग्लंडचे, प्रेक्षक ऐंशी हजारांच्या घरात. तेव्हा कोण जिंकणार हे सांगावयास ज्योतिषी नको होता.

आबांना तेव्हा मोतीबिंदू होता. तरीही खुर्ची पडद्याजवळ ओढून ते सारी पंचवीस मिनिटे निश्चल बसले. मुलगा स्मिथच्या दंडांवर लुब्ध. हार्टने अंगावरून कोलांटी घेऊन त्याला पाडावयाचा यत्न केला, स्मिथ वरून बसला, हार्टचे खांदे टेकले, कुस्ती संपली. आणि या खेपेस मला सगळे दिसले, कारण पुढे कोणी बसलेले नव्हते. आबा म्हणाले, "ह्यो गुलाबी चड्डीवाला त्याला खेळवतोय. दुसऱ्याला काय उमगंना झालंय."

"आजोबा, स्मिथ जिंकला," मुलगा म्हणाला.

"जिंकला की. पर लढला हा."

आम्ही दोघे हसलो. आबा १९९५ च्या पावसाळ्यात गेले. त्यानंतर पुष्कळ वर्षांनी हार्टचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, आणि त्यात त्याने लिहिलेले मी वाचले की त्या रात्री स्मिथ आरंभीच सारे ठरलेले विसरून गेला होता आणि पुढची संपूर्ण कुस्ती आपणच कानात सांगत त्याच्याकडून करवून घेतली. ते पुस्तक मिटून मी बराच वेळ गॅलरीत उभा होतो. ज्या गोष्टीला ऐंशी हजार साक्षीदार फसले, ती मोतीबिंदूच्या डोळ्यांनी आंबोलीत बसून एका निवृत्त टाइमकीपरने ओळखली होती.

त्याच सुमारास मला थेसविषयीही कळले. तो १९१६ चा. म्हणजे त्या मे महिन्यात त्याला बावन्न पुरी झाली होती, आणि दारासिंग एकोणचाळीस वर्षांचे. शिवाय ज्या पदासाठी जग त्याला ओळखत होते, ते तर त्याने १९६६ च्या जानेवारीतच सेंट लुईस येथे जीन किनिस्कीपाशी गमावलेले. त्या काळी जगज्जेतेपदे एकापेक्षा अधिक असत, आणि मुंबईत पणाला लागले ते त्यांतलेच कुठले तरी. शिरस्तेदाराच्या नजरेला दस्तऐवजात एवढी खोट पुरेशी होती. पण मला राग आला नाही. थेसने आपल्या आत्मचरित्रात दारासिंग हा अस्सल कुस्तीगीर असल्याचे आणि त्याच्याकडून हरण्यात वावगे वाटले नसल्याचे नमूद केले आहे. बावन्न वर्षांचा जाणता मल्ल हजारो मैल ओलांडून परक्या गावात येतो, आणि आपली सारी कीर्ती तिथल्या पैलवानाच्या पदरात, तोल न जाऊ देता, घालून जातो. आबांना दिसलेला जोर तो हाच.

तोतयेगिरीचेही याच धंद्यात थर असतात. १९९६ साली 'खिलाडियों का खिलाडी' या हिंदी चित्रपटात अंडरटेकर हा अमेरिकन फडांतला नामांकित मल्ल आला म्हणून मुलाने घर डोक्यावर घेतले होते. तो होता ब्रायन ली. आणि हाच ली १९९४ च्या ऑगस्टमध्ये शिकागोच्या फडात खोटा अंडरटेकर म्हणून खऱ्यापुढे उभा केला गेला होता. आमच्या कचेरीत मूळ कागदाच्या प्रतीवर 'खरी नक्कल' असा शिक्का मारीत, तो याच्या कपाळी शोभला असता.

दारासिंग १२ जुलै २०१२ रोजी जुहूच्या घरी निवर्तले. लोकांना रामायणातला हनुमान आठवला, मला एक घामाने भिजलेली पाठ. पार्ल्याच्या स्मशानापर्यंत जायला मला फारसे अंतर नव्हते. गुडघ्याचे निमित्त करून मी गेलो नाही. तेही पाहिले नाही.

आणि २०१७ च्या डिसेंबरात न्यू जर्सीत कबुली देणाऱ्या त्याच अमेरिकन कंपनीने दिल्लीला आपला फड लावला. त्याच वर्षी तिने पंजाबी वंशाच्या जिंदर महालला जवळजवळ सहा महिने जगज्जेता म्हणून मिरवले होते. परंतु दिल्लीत, भारतीय प्रेक्षकांपुढे, त्याला हरवले ते अठ्ठेचाळीस वर्षांच्या ट्रिपल एचने, जो पैलवानीबरोबरच त्या कंपनीचा बडा अधिकारीही होता. मुलगा, तेव्हा चौतिशीचा, फोनवर ते वाचून नुसता हळहळला. मी म्हणालो, हा मनुष्य ताकदवान असेल, पण त्याला देता येत नाही. पाहुण्याने यजमानाच्या अंगणात कसे हरावे, हे ज्याला कळत नाही, त्याला आबांच्या तालमीत वस्तादांनी हौदाबाहेरच बसवले असते.

लू थेस शेवटची कुस्ती जपानात खेळला, २६ डिसेंबर १९९० रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी. समोर मासाहिरो चोनो होता, त्याने स्वतः शिकवलेला. तीही तो हरला.