निवडलेल्या नोंदी हटवायच्या?

आमच्या मंडळाच्या ग्रंथालयात सभासदांच्या तीन जाड वह्या आहेत, कापडी पाठीच्या आणि लाल-निळ्या रेघांच्या. पहिली वही कोणी सुरू केली हे हस्ताक्षरावरून ओळखणारे आता गावात उरलेले नाहीत. त्या हस्ताक्षराची एक सवय मात्र आम्हांला पानोपानी भेटते. सभासद निवर्तला की नावावरून लाल शाईची एकच सरळ रेघ, नावाआधी ‘कै.’ आणि समासात तिथी. गाव सोडून गेला असेल तर रेघ नाही. समासात नुसते नव्या गावाचे नाव. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, नागपूरची राजधानी भोपाळला गेली, आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर आपला सौंसर तालुका नव्या मध्यप्रदेशात राहिला. त्यानंतरच्या पानांवर समासातले ‘नागपूर’ दाट होत गेलेले दिसते.

लाल रेघेखालचे नाव आजही वाचता येते. खोडण्याची जुनी रीत तीच होती. पाटीवरचे पुसायचे, यादीतले वगळायचे, वहीतले खोडायचे. आणि खोडताना कोणावर रेघ मारली ते दिसू द्यायचे. संगणकाने या तिन्ही क्रियापदांना मिळून एकच शब्द दिला. आमच्या पडद्यावर तो प्रथम हिंदीत ‘हटाएँ’ असा अवतरला होता. मंडळाच्या बैठकीत त्यावर पाऊण तास चर्चा झाली (आपल्याकडे वर्गणीवर एवढी होत नाही), आणि त्याचे ‘हटवा’ झाले.

हे सगळे आमच्या भाच्याचे काम. तो नागपुरात संगणकाच्या नोकरीत आहे. मामाच्या गावच्या ग्रंथालयासाठी त्याने सुट्यांमध्ये एक छोटे वेब ॲप्लिकेशन तयार करून दिले. ब्राउझर उघडला की सभासदांची यादी दिसते, एका पानावर पंचवीस नावे. प्रत्येक नावाच्या आरंभी एक रिकामा चौकोन. त्यात खूण करायची आणि वरचे बटण दाबायचे. मथळ्याच्या ओळीतही एक चौकोन आहे, तो दाबला की खालच्या सगळ्या चौकोनांत एकदम खुणा उमटतात. दुसरे बटण जिल्हा किंवा गाव बदलण्याचे, तिसरे वर्गणीची आठवण पाठवण्याचे, आणि लाल रंगाचे ‘हटवा’.

एकगठ्ठा कामाची चुणूक आम्हांला आधीच मिळाली होती. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा हा जिल्हा झाला, त्यात पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके आले, आणि इतकी वर्षे छिंदवाड्याचे असलेले आम्ही एका रात्रीत पांढुर्ण्याचे झालो. शेकडो नोंदींत जिल्हा बदलायचा होता. भाच्याने ‘सर्व निवडा’ म्हटले आणि क्षणात सगळे सभासद पांढुर्णा जिल्ह्यात आले. खुद्द छिंदवाडा शहरात राहणारे आमचे नऊ सभासदही आले! त्यांतल्या एका निवृत्त मास्तरांनी फोन करून विचारले, “आमचे घर हलवले, तर भाडे कोण देणार?” आम्ही हसलो आणि नऊ नोंदी परत बदलल्या. बदललेले परत बदलता येते. त्या हसण्यात आमची सावधगिरी निघून गेली, असे आता वाटते.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या पोळ्याआधी, मंडळापुढे एक अवघड गोष्ट आली. वर्गणीची आठवण मोबाइलवर आपोआप जात असे, आणि ती दिवंगतांनाही जाई. लोधीखेड्याच्या एका घरी वडिलांचा मोबाइल आता आई वापरते. तिला यजमानांच्या नावाने ‘आपली वर्गणी थकीत आहे’ असे दर महिन्याला वाचावे लागे. मुलाने मोठ्या सौजन्याने ती गोष्ट सांगितली, त्यामुळे अधिकच लाज वाटली. बैठकीत ठरले की दिवंगतांची नावे संगणकातून काढावी. काम आमच्याकडे आले. आम्ही वहीवरून कागदावर अकरा नावे उतरवली.

संध्याकाळची वेळ होती. एकेक नाव शोधून अकरा चौकोनांत खुणा केल्या. प्रत्येक खुणेला थोडे थांबलो, कारण त्या अकरांपैकी बहुतेकांच्या मांडीवर आम्ही लहानपणी बसलो होतो. मग सहज, कोणत्या गावचे किती हे पाहावे म्हणून, ‘गाव’ या मथळ्यावर टिचकी मारली. यादी गावांच्या क्रमाने लागली. तेवढ्यात फोन आला. परत येऊन पाहिले तो वरच्या कोपऱ्यात लिहिलेले होते : निवडलेल्या नोंदी ११. हातातल्या कागदावरही अकराच. आकडा जुळला. लाल बटण दाबले. पडद्याने विचारले, “निवडलेल्या नोंदी हटवायच्या?” आम्ही ‘होय’ म्हटले.

वहीत रेघ मारली की पानावर डाग राहतो. इथे काहीच राहिले नाही. अकरा ओळी गेल्या, खालची नावे वर सरकली, पान पुन्हा पंचवीसचे भरले. जणू कोणी कधी नव्हतेच.

गुरुवारी रामाकोन्याच्या आजी आल्या. त्यांना सौंसरला डॉक्टरांकडे यावे लागते. त्या दिवशी त्या पुस्तक बदलून नेतात. आम्ही त्यांचा क्रमांक घातला. पडद्यावर काही आले नाही. नाव घातले, तरी नाही. आजी काठीवर हात ठेवून पाहत होत्या. मग म्हणाल्या, “काहून जी, मले मारलं का तुमी?”

आमच्या तोंडून शब्द फुटेना. कागद काढून ताडून पाहिले. दिवंगत अकराही जण यादीत सुखरूप होते. गेली होती ती अकरा जिवंत माणसे.

पोळ्याला भाचा आला. त्याने पाहिले आणि दोन मिनिटांत कपाळाला हात लावला. “मामा, चूक माझी आहे. खूण मी माणसाला बांधली नव्हती, ओळीला बांधली होती.” तिसऱ्या ओळीवर खूण केली, तर संगणकाने ‘तिसरी ओळ’ एवढेच लक्षात ठेवले होते. यादीचा क्रम बदलल्यावर तिसऱ्या ओळीवर दुसरेच कोणी येऊन बसले, आणि खूण त्याच्या माथी लागली. आकडा अर्थात बदलला नाही. अकरा ओळी त्या अकरा ओळीच. दर्शनी भाग तयार करताना होणारी ही सर्वत्र ओळखीची चूक आहे, असे तो म्हणाला. यादीतली जागा ही ओळख समजायची नाही; प्रत्येक नोंदीला तिचा स्वतःचा, कधीही न बदलणारा क्रमांक असतो, आणि खूण त्याला चिकटली पाहिजे. आमच्या वह्यांत प्रत्येकाला सभासद क्रमांक होता, तो संगणकातही होता. फक्त पडद्यावरच्या चौकोनाला त्याची गाठ नव्हती.

नावे पुन्हा भरणे अर्ध्या तासाचे काम होते, वह्या होत्याच. खरे दुःख दुसरे होते. सभासदाची नोंद हटली की त्याने नेलेल्या पुस्तकांच्या नोंदीही तिच्यामागोमाग हटाव्यात, अशी योजना आतल्या बाजूस केलेली होती. मालकच नाही तर उधारी कोणाच्या नावे ठेवायची, असा तो व्यवहारी विचार. परंतु संगणक आल्यापासून आम्ही देवघेवीची वही बंद केली होती. अकरा जणांनी काही वर्षांत काय काय वाचले ते सारे त्या एका ‘होय’बरोबर गेले.

भाच्याच्या नागपूरच्या संगणकावर चार महिन्यांपूर्वीची एक प्रत निघाली. ती त्याने काही विशेष दूरदृष्टीने ठेवलेली नव्हती. काम करताना उतरवून घेतली आणि पुसायची राहिली, इतकेच. अशा राहून गेलेल्या प्रतीने मोठमोठ्यांना तारले आहे. १९९८ साली अमेरिकेत पिक्सार या चित्रपटसंस्थेत ‘टॉय स्टोरी २’चे काम चालू असताना कोणीतरी चुकीची आज्ञा दिली आणि चित्रपटाच्या फायली भराभर नाहीशा होऊ लागल्या. राखीव प्रतीही नीट निघाल्या नाहीत. गॅलिन सुस्मन या तंत्र-दिग्दर्शिका बाळंतपणामुळे घरून काम करीत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती, तिने चित्रपट वाचला. आमचा ग्रंथ त्यामानाने किरकोळ; आणि आमच्या प्रतीत शेवटचे चार महिने नव्हते.

भाचा तान्ह्या पोळ्यापर्यंत थांबला. गल्लीत पोरे लाकडी बैल सजवून फिरत होती आणि हा ओसरीवर बसून दुरुस्ती करीत होता. आम्ही शेजारी बसून शंका काढीत होतो. त्यांतल्या काही त्याला पटल्याही. क्रम बदलला किंवा शोध घेतला तर आधीच्या खुणांचे काय करायचे? पुसल्या तर माणसाची मेहनत जाते. ठेवल्या तर नजरेआड असलेल्या नोंदी निवडलेल्या राहतात. त्याने त्या ठेवल्या, पण ‘११ निवडल्या, त्यांपैकी ८ या पानावर दिसत नाहीत’ असे ठळक लिहिण्याची सोय केली. मथळ्यातल्या चौकोनाचा प्रश्न तसाच. ‘सर्व’ म्हणजे पानावरचे पंचवीस, की यादीतले सगळे? जीमेलमध्ये तो चौकोन दाबला की पानावरचीच पत्रे निवडली जातात, आणि मग वेगळी ओळ येऊन विचारते की उरलेली सगळीही हवीत काय. दोन निरनिराळ्या ‘सर्वां’ना दोन निरनिराळ्या टिचक्या. आम्हांला ती रीत आवडली, तीच घेतली. मध्येच वीज गेली तर अर्धी हटली आणि अर्धी राहिली, असेही आता होणार नाही. सगळी जातील किंवा एकही जाणार नाही. सौंसरला ही काळजी वायफळ नव्हे.

भांडण झाले ते प्रश्नाच्या शब्दांवरून. भाच्याला ‘११ नोंदी हटवायच्या?’ पुरेसे वाटत होते. आम्ही म्हटले, आकडा तर त्या दिवशीही जुळला होता. अकराच्या अकरा नावे समोर लिहिली पाहिजेत, गावासकट आणि कारणासकट. तो म्हणाला, “मामा, दोनशे असली तर कोण वाचणार?” आम्ही म्हणालो, “दोनशे माणसे काढायची असली तर वाचावीत.”

त्याच दिवसांत वर्तमानपत्रांतून बिहारच्या मतदारयादीचे प्रकरण येत होते. तेथील विशेष सखोल पुनरीक्षणानंतर १ ऑगस्ट २०२५ च्या प्रारूप यादीत सुमारे पासष्ट लाख नावे नव्हती. १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक आयोगाला सांगितले की, गाळलेली नावे कारणासह प्रसिद्ध करा, आणि पंचायत कार्यालयांतही लावा. नोव्हेंबरमध्ये तेच पुनरीक्षण आपल्या प्रदेशात आले, घरोघर अर्ज फिरले. मृत, स्थलांतरित, अनुपस्थित, दुबार असे शब्द आपल्या ओट्यांवर ऐकू येऊ लागले. त्या प्रचंड कारभारापुढे आमचे अकरा म्हणजे काहीच नव्हे. पण आजींचा तो प्रश्न ऐकलेला असल्यामुळे, यादीत आपले नाव शोधणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचे बोट कागदावरून कसे फिरते, याकडे आमचे लक्ष अधिक जाऊ लागले.

अखेर भाच्याने आमचे ऐकले. आता नावे दिसतात, कारण विचारले जाते, आणि बटणावर ‘होय’ नसून ‘११ सभासदांची नावे वगळा’ असे स्पष्ट लिहिलेले असते. शिवाय आत खरे तर काहीच हटत नाही. नोंदीपुढे वगळल्याची तारीख पडते, नाव यादीतून दिसेनासे होते, वर्गणीची आठवण थांबते; ‘जुने सभासद’ उघडले की ते नाव पुन्हा दिसते, आणि चूक असेल तर परत घेता येते. तिथे नावावरून रेघ मारावी असे आम्ही सुचवले. भाच्याने रंग विचारला. लाल, म्हटले. लोधीखेड्याच्या घरी आता संदेश जात नाही.

चार महिन्यांच्या हरवलेल्या नोंदींसाठी आम्ही त्या अकरा जणांकडे गेलो. बहुतेकांनी हात झटकले. काय वाचले ते कोण ध्यानात ठेवतो! रामाकोन्याच्या आजींनी मात्र पुढच्या गुरुवारी खुर्ची ओढून घेतली, चष्मा पुसला आणि डोळे मिटून एकेक पुस्तक सांगू लागल्या. नाव आठवले नाही तर मुखपृष्ठाचा रंग, तोही नाही तर कोणत्या पानावर चहा सांडला ते. आम्ही कपाटातून काढून दाखवत होतो आणि टिपत होतो. नऊ पुस्तके झाली. त्या उठल्या, पिशवी सावरली आणि दारातून वळून म्हणाल्या, “दोन-तीन राह्यले असतीन. आठोलं म्हणजे सांगीन. तवरीक तेथी जागा सोडून ठेवजा.”

आम्ही यादीत तीन ओळी रिकाम्या ठेवल्या आहेत.