सुई उंचीची, फिकीर साखरेची

माझ्या भाचीला रोज रात्री ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन लागतं. वय नऊ, उंची सहा वर्षांच्या मुलीएवढी. दीड वर्षापूर्वी निदान झालं तेव्हा खानदानात पहिली चर्चा झाली ती रिश्त्याची! एवढ्याशा पोरीच्या रिश्त्याची.

मग कुणीतरी म्हणालं, या सुईने शुगर होते. आमच्या घरात अम्मी, मामू, दोन खाला, सगळे मधुमेही. बहिणीची झोप उडाली.

मेंदूखालच्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीतून हे हार्मोन येतं. ते नुसती हाडं लांब करत नाही. चरबी जाळतं, स्नायू भरतं आणि पोट रिकामं असताना साखर फार खाली जाऊ देत नाही. म्हणून ते कमी असलेल्या लहान मुलांची साखर उपाशी राहिल्यावर घसरू शकते, पोटावर चरबी साचते. भाचीने रमजानमध्ये रोजाचा हट्ट धरला तेव्हा मला हेच आठवलं. नाबालिगावर रोजा फर्ज नाही, हे तिला समजावता समजावता नाकी नऊ आले.

सुई सुरू झाल्यावर तिचं पोट उतरलं, गाल बसले. अम्मीला वाटलं पोर खंगली. तिने तूप वाढवलं. खरं तर औषध आपलं काम करत होतं.

पण हे हार्मोन इन्सुलिनच्या उलट बाजूने ओढतं. शरीराला जास्त इन्सुलिन बनवावं लागतं. बहुतेक मुलांचं स्वादुपिंड ते निभावतं आणि साखर ठीक राहते. वजन जास्त असेल, घरात मधुमेह असेल, टर्नर किंवा प्राडर-विली सिंड्रोम असेल, तर जास्त लक्ष ठेवावं लागतं. म्हणजे बहिणीची भीती खुळी नव्हती. पण त्यासाठी सुई बंद करायची नसते, तपासण्या चुकवायच्या नसतात. साखर, थायरॉइड, आयजीएफ-वन हा उपचाराचाच भाग आहे.

हे हार्मोन मुर्द्यांच्या मेंदूतून काढतात, अशीही एक अफवा मोहल्ल्यात आहे. एकेकाळी ते खरं होतं. त्यातून काहींना मेंदूचा जीवघेणा आजार झाला, आणि 1985 पासून प्रयोगशाळेत बनवलेलं हार्मोन आलं.

निरोगी पोराला चार बोटं उंची मिळावी म्हणून ही सुई मागणाऱ्यांचा मात्र मला राग येतो.

गेल्या भेटीआधी बहीण म्हणाली, "बाजी, डॉक्टरांना काय सांगू?" मी वहीच्या पानावर घरातल्या मधुमेहींची नावं आणि कोणाला कोणत्या वयात झाला ते लिहून दिलं. डॉक्टरांनी फाइलआधी ते पान वाचलं.