टॅबची काच आणि आपली काळी माती



आज पाठ्यपुस्तकाबाहेरच्या एका पाठाबद्दल लिहितोय. हा पाठ मला माझ्याच चुकीमुळे सापडला, म्हणून आधी चूक सांगतो.

परभणी जिल्ह्यातल्या एका लहान गावची आमची शाळा. वर्गाला मिळून एकच टॅब. उन्हाळ्याच्या तोंडावर तो एका मुलीच्या हातून फरशीवर पडला. तिला आपण गोदा म्हणूया. काचेला कोपऱ्यातून तडा गेला. चित्र सगळं दिसत होतं, पण डाव्या बाजूच्या पट्टीवर बोट लावलं की काहीच होत नव्हतं. मी सगळ्या वर्गासमोर तिला नको ते बोललो. "म्या पाडला नाही सर, निसटला," एवढंच ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून शाळेत आली नाही.

चौथ्या दिवशी तिचे वडील आले. शेतमजुरी करतात. दारातच चपला काढून उभे राहिले आणि खिशातून घडी केलेल्या नोटा काढत म्हणाले, "सर, किती भरावं लागंल?" मला त्यांच्याकडे बघवेना. "काच होती, फुटली. पैसे राहू द्या, पोरीला पाठवा," एवढंच कसंबसं बोललो.

गोदा आली. मधल्या सुट्टीत हळूच टेबलाजवळ येऊन म्हणाली, "सर, चित्र दिसतंय, मग बोट कामून कळत नाही त्याला? काचेत वायर तर नाही." पोरगी तीन दिवस घरी बसून हाच विचार करत होती! मला उत्तर येत नव्हतं. "उद्या सांगतो," म्हटलं आणि रात्री वाचत बसलो.

तर मित्रांनो, काचेत वायर असते, पण ती दिसत नाही. काचेच्या आतल्या बाजूला केसाच्या शेकडो पट पातळ असा एक थर असतो. तो पारदर्शक असतो आणि त्यातून वीजही वाहते. आपलं शरीर विजेचं वाहक आहे. म्हणून बोट टेकलं की त्या जागी थरावरच्या विद्युतभारात बदल होतो आणि टॅबला जागा कळते. लाकडाच्या काडीने टेकून पाहा, काही होत नाही. काचेला तडा गेला की हा थरही तुटतो. चित्र दाखवणारा भाग मागे वेगळा असतो, म्हणून चित्र दिसत राहतं. गोदाच्या प्रश्नाचं उत्तर हेच.

हा थर बहुतेक वेळा इंडियम टिन ऑक्साइडचा असतो. टिन म्हणजे आपलं कथील, ज्याने पितळी भांड्यांना कल्हई करतात. इंडियम मात्र दुर्मीळ. मुख्यतः जस्ताच्या खनिजातून जोडउत्पादन म्हणून मिळतं. 1863 मध्ये जर्मनीत त्याचा शोध लागला, तेव्हा त्याच्या वर्णपटात निळीच्या रंगाची ठळक रेषा दिसली. नीळ युरोपात आपल्याकडून जायची, त्यामुळे तिच्या लॅटिन नावात आपला देश होता. तेच नाव या धातूला मिळालं.

पण या थराची एक खोड आहे. तो भाजलेल्या पापडासारखा असतो. वाकवला की मोडतो. घडी घालता येईल असा पडदा, कपड्यावर लावायचं यंत्र, गुंडाळून ठेवायचा सोलर पत्रा करायचा तर हा थर अडचणीचा ठरतो. मग वाकणारं काय? धातू. चांदीची तार सोनार पाहिजे तशी वळवतो. वीज वाहून नेण्यात तर चांदी सगळ्यांत पुढे. पण चांदीतून आरपार दिसत नाही. मग करायचं काय?

इथे मी मुलांना खिडकीची मच्छरजाळी दाखवली. जाळी धातूची आहे, तरी बाहेरचं झाड दिसतं. का? कारण जाळीत धातू कमी आणि भोकं जास्त.

हे गणितात बसवलं. आलेख कागदावर 10 गुणिले 10 चा चौकोन घ्या. त्यातली एक उभी आणि एक आडवी ओळ रंगवा. रंगलेली घरं 19, मोकळी 81. म्हणजे 81 टक्के उजेड आत येईल. आता 20 गुणिले 20 चा चौकोन घेऊन तसंच करा. 400 पैकी 39 घरं रंगली, म्हणजे 90 टक्क्यांहून जास्त जागा मोकळी. सगळ्या रेषा एकमेकींना जोडलेल्या, त्यामुळे वीज सगळीकडे पोचते. एखादी तार तुटली तरी ती दुसऱ्या वाटेने जाते. पण रेषा फार विरळ केल्या तर विजेला अडथळा वाढतो. उजेड किती आणि वीज किती, याचा मेळ घालणं हीच खरी कसरत. टक्केवारी शिकवायला मला आजवर याहून चांगलं उदाहरण मिळालेलं नाही.

डोळ्याला दिसणार नाही इतकी बारीक जाळी विणायची कशी? याचं एक उत्तर बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात प्रा. गिरिधर कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं. त्यांचे याविषयीचे शोधनिबंध 2014 मध्ये आले. काचेवर किंवा वाकणाऱ्या प्लास्टिकवर वाळताना तडकणाऱ्या द्रावणाचा थर द्यायचा. तो वाळला की त्यात आपोआप बारीक भेगांचं जाळं पडतं. मग वरून धातूचा पातळ थर बसवायचा. भेगांमध्ये धातू थेट काचेवर बसतो, बाकीचा त्या थरावर. शेवटी तो थर धुऊन काढायचा. उरते ती फक्त भेगांच्या आकाराची धातूची जाळी.

हे वाचलं आणि मला हसूच आलं. भेगा! आपल्याइतक्या भेगा कुणी पाहिल्यात? आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. एप्रिल-मे महिन्यात रानात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात.

मग आम्ही कृती केली. काळी माती चाळून तिचा पातळ रबडा केला. एका स्टीलच्या ताटात पातळ थर दिला, दुसऱ्यात जाड, आणि दोन्ही उन्हात ठेवली. पातळ थरात बारीक आणि जवळजवळ भेगा पडल्या, जाड थरात रुंद आणि लांब लांब. मुलांनी पट्टीने मोजून तक्ता केला. मग वरून रांगोळी पसरली, भेगांत दाबली आणि वरची हलकेच पुसून घेतली. आता मातीच्या खपल्या सुईने उचलायच्या. माझ्या ताटातली रांगोळी विस्कटली. गोदाचा हात हलका. तिने एकेक खपली अलगद उचलली आणि ताटात पांढऱ्या रेषांची अख्खी जाळी उरली. वर्ग टाळ्या वाजवत होता, मी पण.

धातूच्या जाळीलाही अडचणी आहेत, हे मुलांना सांगायला विसरू नका. चांदीचे पैंजण काळे पडतात, तांब्याचा हंडा चिंचेने घासावा लागतो. तशीच या जाळीलाही हवेपासून जपावी लागते. उपयोगही सांगा. अशा जाळीतून वीज सोडली की काच तापते आणि तिच्यावरचं धुकं उडून जातं.

टॅब अजून तसाच आहे, डावी पट्टी बंद असलेला. आम्ही तो तसाच वापरतो. पण आता काही पडलं, फुटलं की मी आधी विचारतो, "लागलं का कुणाला?" मग दुसरा प्रश्न, "आत काय दिसतंय?"

तुमच्या वर्गात ही कृती नक्की करून पाहा. माती काळीच घ्या. आणि एखादं लेकरू तीन दिवस शाळेत आलं नाही, तर चौथ्या दिवसाची वाट पाहू नका.