दोन वर्षं जास्तीची

नवऱ्यानं पहिल्यांदा बँकरप्सी फाइल केली ती एप्रिल 2017 मध्ये, एकट्यानं. न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं आमचं दुकान बुडालं होतं आणि दुकानाच्या कर्जांना जामीन म्हणून सही त्याची होती. माझं नाव कुठंच नव्हतं, म्हणून मी त्या कागदांवर आले नाही. उन्हाळ्यात डिस्चार्ज मिळाला, म्हणजे देणं कायद्यानं संपलं. थोड्याच महिन्यांत टपालपेटी क्रेडिट कार्डांच्या पत्रांनी भरू लागली. मला वाटलं, या लोकांना अजून कळलं नसेल. वकीलबाई हसल्या. म्हणाल्या, कळलंय म्हणूनच पाठवतात. जुनं कर्ज धुऊन निघालेलं, आणि पुढची आठ वर्षं हा माणूस चॅप्टर सेव्हनमधून, म्हणजे आत्ता वापरलेल्या मार्गानं, पुन्हा कर्ज बुडवू शकत नाही. सावकाराला याहून चांगलं गिऱ्हाईक कुठं मिळणार?

2023 मध्ये त्याची नोकरी गेली. विम्याचे हप्ते खिशातून भरायची वेळ आली आणि त्यातच त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. घरखर्च, औषधं, विमा, सगळं कार्डांवर. काही कार्डं त्याच्या नावाची, काही माझ्या. पानगळीच्या दिवसांत आम्ही पुन्हा त्याच वकीलबाईंसमोर बसलो.

त्यांनी पहिल्यांदा 2017 चा अर्ज कोणत्या तारखेला दाखल झाला ते पाहिलं. आम्ही मनात डिस्चार्जची तारीख धरून चाललो होतो. हिशोब अर्जापासून अर्जापर्यंतचा असतो, हे ऐकून आम्हाला उगाच चार महिने कमावल्यासारखं वाटलं. एका चॅप्टर सेव्हननंतर दुसऱ्या चॅप्टर सेव्हनमध्ये डिस्चार्ज हवा असेल, तर दोन अर्जांमध्ये आठ वर्षं जावी लागतात. आधी दाखल करायला तसं कुणी अडवत नाही. फी भरा, कागद द्या, हजर राहा. फक्त शेवटी डिस्चार्ज मिळणार नाही. लग्नाचा सगळा खर्च करून अक्षता न पडण्यातला प्रकार.

बाई जुन्या काळापासून याच कामात. त्या म्हणाल्या, पूर्वी ही मुदत सहा वर्षांची होती. 2005 मध्ये अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी नव्या कायद्यावर सही केली, 17 ऑक्टोबरपासून तो लागू झाला आणि सहाची आठ झाली. जुना कायदा असता, तर नवऱ्याची मुदत एप्रिल 2023 मध्येच संपली असती. म्हणजे पुढं आम्ही जे काही सोसलं ते सगळं त्या वाढवलेल्या दोन वर्षांत बसतं. कर्ज बुडवायची लोकांना सवय लागेल, या भीतीनं ती वाढवली होती. आमच्या घरी एकाच माणसाचं हृदय दुसऱ्यांदा फाडायची सवय लागू नये, एवढीच भीती होती.

चॅप्टर थर्टीनचा रस्ता मात्र मोकळा होता. सेव्हननंतर थर्टीनला चारच वर्षं लागतात, ती 2021 मध्ये झाली होती. त्यात तीन ते पाच वर्षं दरमहा ठरलेले पैसे केस पाहणाऱ्या ट्रस्टीकडे भरायचे आणि उरलेलं माफ. त्यासाठी नियमित उत्पन्न लागतं. नवऱ्याचं काम कधी होतं, कधी नव्हतं. मधेच हप्ते थकले की केस फेटाळली जाते, आणि वर्षाच्या आत पुन्हा फाइल केलं तर अर्जाबरोबर मिळणारी वसुलीवरची स्थगिती तीस दिवसांत संपते. न्यायाधीशांकडून ती वाढवून घ्यावी लागते. बाईंनी स्पष्ट सांगितलं की मोडणाऱ्या योजनेपेक्षा थांबणं बरं.

गंमत म्हणजे मला थांबायची गरजच नव्हती. मुदत माणसागणिक चालते. नवऱ्याची आठ वर्षं माझ्या खात्यावर नव्हती. मी दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज केला असता तरी चाललं असतं. पण मग माझी कार्डं सुटली असती, त्याची राहिली असती, आणि दीड वर्षानं सगळा खर्च परत. जोडीनं एकदाच करायचं ठरलं.

या मधल्या काळात पैसे आले ते तासगावहून. माझे थोरले दीर, दादा, द्राक्षं करतात. बेदाण्याच्या सौद्यातून आलेले पाच लाख रुपये त्यांनी धाकट्या भावाच्या औषधपाण्यासाठी हातउसने पाठवले. अमेरिकेतून गावाकडं पैसे जातात, हे साऱ्या गावाला ठाऊक. उलटे कधी आले नव्हते. पुढच्या वर्षी ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर दादांना पैशाची नड लागली. ते काही बोलले नाहीत, जाऊबाई बोलल्या. माझ्याकडं टॅक्सचा परतावा बाजूला ठेवलेला होता. पाठवायच्या आधी बाईंना विचारलं, तर त्या खुर्चीत सरळ होऊन बसल्या.

अर्जाच्या आधीच्या वर्षभरात सख्ख्या नातलगाचं कर्ज फेडलं, तर ट्रस्टी ते पैसे त्याच्याकडून परत मागू शकतो. इतर देणेकरी रांगेत उभे असताना घरच्याला पुढं काढलं, असा त्याचा अर्थ. एवढंच नव्हे, तर दादांचं नाव, पत्ता आणि रक्कम देणेकऱ्यांच्या यादीत लिहावी लागणार होती. घरचं देणं आधी, बँकेचं नंतर, या क्रमात मी वाढलेली. इथं घरचं देणं आधी देणं कायद्यालाच मान्य नाही. मला हा नियम आजही पटत नाही, त्यातला न्याय मात्र दिसतो: कार्डवाल्याच्या जागी तासगावचा एखादा दुकानदार असता, तर मला त्याचीच बाजू पटली असती.

दादांना फोनवर सगळं सांगणं मला कोर्टापेक्षा जड गेलं. ते ऐकत राहिले. 2017 मध्ये राज्य सरकारची दीड लाखांपर्यंतची कर्जमाफी झाली, तेव्हा त्यांचं नाव यादीत होतं. 2019 मध्ये दुसरी जाहीर झाली, दोन लाखांपर्यंतची. माफी म्हणजे काय, हे त्यांना एडिसनच्या आमच्या मित्रमंडळींपेक्षा जास्त कळत होतं.

"तुमच्याकडं तारीख तरी ठरलेली असती गं," ते म्हणाले. "आमच्याकडं निवडणूक कधी लागतीय बघायचं."

छाटणी त्यांनी उधारीवर केली.

इकडं एका कार्डवाल्यानं माझ्याविरुद्ध निकाल मिळवला आणि 2024 च्या शेवटापासून माझ्या पगारातला दहावा हिस्सा परस्पर कापला जाऊ लागला. डे-केअरमधल्या पगारपत्रकावर तो वेगळ्या ओळीत दिसे. मी एकटीनं वर्षभर आधीच फाइल केलं असतं तर हे टळलं असतं, असं नवरा म्हणाला. खरंच होतं, म्हणून मी वाद घातला नाही.

आठ वर्षं पूर्ण झाल्यावर आठवडाभरानं, एप्रिल 2025 मध्ये, बाईंनी दोघांचा मिळून अर्ज भरला. अर्जात एक प्रश्न असतो: गेल्या आठ वर्षांत बँकरप्सी फाइल केली आहे का? नवऱ्याचं खरं उत्तर 'नाही' असं आलं. तो ते पुन्हा पुन्हा वाचत होता. पुढं झूमवर ट्रस्टीनं शपथेवर तोच प्रश्न वर्षांची अट न घालता विचारला, तेव्हा 'हो' सांगितलं. ट्रस्टीनं मान हलवून पुढचा प्रश्न घेतला. भारतात जमीन आहे का, हेही विचारलं. नवऱ्यानं 2009 मध्येच हक्कसोड पत्र करून दिलं होतं. सातबाऱ्याच्या इंग्रजी तर्जुम्यासह ते बाईंनी आधीच पाठवलेलं होतं. देणेकऱ्यांपैकी कुणीही आलं नाही. कोर्टाची नोटीस तासगावला पोचली, तेव्हा पोस्टमननं ती दादांना वाचून दाखवायची तयारी दाखवली म्हणे.

ऑगस्टमध्ये डिस्चार्ज आला. त्यानंतर कुणाचं देणं आपखुशीनं फेडायचं असेल तर कायदा अडवत नाही. ते कुणी वसूल करू शकत नाही, एवढंच. सप्टेंबरात, छाटणीच्या आधी, मी पहिला हप्ता दादांच्या खात्यावर टाकला. तासाभरात त्यांचा फोन आला.

"कोर्टाला कळवून टाकलेस का?"